झोपलेल्या फौजीला उठवायचं कसं?

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या माणसाला सकाळी तुम्ही कसं उठवता? खांद्याला धरून हलवता, पांघरूण ओढता, नाहीतर सातालाच "अहो, आठ वाजले" म्हणून खोटं सांगता. आमच्याकडे पेणला हा शेवटचा प्रकार रोज चालतो. पण रोह्याला, माझ्या माहेरी, आई अण्णांना कधीच हात लावून उठवत नाही. ती खोलीच्या दाराशी उभी राहते, आधी बांगड्या वाजवते, मग हळूच हाक मारते आणि अण्णांनी डोळे उघडले की मगच आत पाऊल टाकते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. मोठी झाल्यावर वाटलं, आई जरा जुन्या वळणाची आहे झालं. खरं कारण कळायला मला वयाची पस्तिशी गाठावी लागली. आणि मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमचे अण्णा फौजी. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या रायगड जिल्ह्याला फौजी माणसाचं अप्रूप नाही. महाड तालुक्यात तर एक गावच 'फौजी आंबवडे' या नावानं ओळखलं जातं. १९८७ साली भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली, तेव्हा तिच्याबरोबर अण्णाही गेले. १९८८ साली मी जन्मले तेव्हा ते तिकडेच होते. मार्च १९९० मध्ये आपलं सैन्य पुरतं माघारी आलं, तोवर अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले होते. अण्णा मात्र धडधाकट परतले. अंगावर साधा ओरखडा नाही, म्हणून आजीनं धावीर महाराजांना नारळ फोडला.

पण परत आलेल्या अण्णांचा स्वभाव फार तापट होता. दार जोरात आपटलं तरी ते ओरडायचे. लग्नकार्यात गर्दीत बसायचे नाहीत, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. दिवाळीचे चार दिवस मागच्या खोलीत रेडिओ मोठ्यानं लावून बसायचे. रात्री-बेरात्री उठून कड्या तपासायचे. आम्ही म्हणायचो, "फौजी डोकं आहे, चालायचंच." आईनंही घर त्याप्रमाणे बसवून घेतलं होतं. पलंग दाराकडे तोंड करून, स्वयंपाकघरात भांडं पडू नये म्हणून मांडणीला काठ, पाहुण्यांना आधीच सूचना. आम्हा भावंडांना तर पायांचा आवाज न करता चालायची इतकी सवय झाली की सासरी सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, तू चोरासारखी काय येतेस? दचकायला होतं ना!"

आता २०२२ ची गोष्ट सांगते. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवताला सशस्त्र पोलिसांची मानवंदना असते, हे तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिलं असेल. अण्णा कधी गर्दीत जात नाहीत, पण त्या वर्षी माझ्या पाच वर्षांच्या लेकानं हट्टच धरला, "आजोबा, तुम्हीच न्या." मानवंदना झाली तेव्हा अण्णा ताठ उभे होते. छाती पुढे, हात शिवणीला चिकटलेले. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि पालखी पुढे सरकली तोच मागे कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

काय झालं ते कळायच्या आत अण्णांनी नातवाला खाली पाडलं होतं आणि स्वतः त्याच्यावर पालथे पडले होते. पोर घाबरून किंचाळत होतं. अण्णा त्याचं डोकं हातांनी झाकून काहीतरी हिंदीत ओरडत होते. माळ संपली. दोन-तीन पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं घेतलेली दिसतेय." आमच्या ह्यांनी त्यांना हात देऊन उठवलं. गुडघे फुटले होते. घरी येईपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढचे आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत.

त्या रात्री पेणला परत आल्यावर मी माळ्यावरची कॉलेजची पुस्तकं काढली. चौदा वर्षांपूर्वी या विषयात मी चांगले मार्क मिळवले होते. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाला तो प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा भेटतो. आवाजानं तो दचकतो. त्या आठवणीजवळ नेणारी प्रत्येक गोष्ट तो टाळतो. झोप उडते, राग नाकावर बसतो, आपण वाचलो याचीच बोच लागते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, डॉक्टरांनी याला 'शेल शॉक' म्हटलं. तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मज्जातंतू बिघडतात अशी तेव्हाची समजूत. कित्येक सैनिकांना तर भित्रे ठरवण्यात आलं. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी या दुखण्याला आपल्या अधिकृत यादीत आघातानंतरच्या ताणाचा विकार म्हणून जागा दिली, त्याचंच इंग्रजी आद्याक्षरांचं नाव पी.टी.एस.डी. लढाईवरून आलेल्या सगळ्यांनाच ते होतं असं मुळीच नाही. बहुतेक माणसं नीट सावरतात. पण ज्यांना होतं त्यांना ते तीस-पस्तीस वर्षंसुद्धा सोडत नाही.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. एकही लक्षण मला माझ्या घरात दिसलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांचे एक जुने स्नेही, निवृत्त सुभेदारकाका, मला म्हणाले, "पोरी, तू ते मनाचं शास्त्र शिकलीस ना? आमच्या फौजी घरांतल्या बायकांसाठी महिन्यातून एकदा काहीतरी घे की. गडी बोलत नाहीत, निदान बाया तरी बोलतील." मी पेणच्या शाळेत अर्धवेळ शिक्षिका. तिसरी-चौथीच्या पोरांपुढे बोलायची सवय, म्हणून होय म्हणून बसले. दुसऱ्या शनिवारी शाळा सुटली की दिव्याहून येणारी रोहा गाडी धरायची, कासू, नागोठणे करत रोह्याला उतरायचं, असं ठरलं. जागा म्हणून एका शाळेचा वर्ग मिळाला.

पहिल्या शनिवारी मी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं. सोळा जणी आल्या होत्या. लहान मुलांच्या बाकांवर साठी उलटलेल्या बायका कशाबशा अंग चोरून बसलेल्या. शेवटच्या बाकावर माझी आई. मी 'मानसिक आरोग्याचं महत्त्व' सुरू केलं. पाच मिनिटांत एकीला जांभई आली, दुसरीनं पिशवीतून भाजी निवडायला काढली. दहाव्या मिनिटाला माझा घसा सुकला. मग पहिल्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "ते असू दे गं. मला एवढंच सांग, झोपलेल्या फौजीला उठवायचं कसं?"

मला प्रश्नच कळला नाही. पण वर्गातल्या सगळ्यांना कळला होता.

"मी लांबून पायाचा अंगठा ओढते आणि मागं सरते," एकजण म्हणाली.

"मी उंबऱ्यावर कप आपटते."

"आमच्याकडे काठीनं. एकदा तोंडावर हात बसला होता, तेव्हापासून काठी."

वर्गात हशा पिकला. हसता हसता एकीच्या डोळ्यांना पाणी आलं, तशा सगळ्या गप्प झाल्या. आणि शेवटच्या बाकावरून माझ्या आईचा आवाज आला, "मी बांगड्या वाजवते."

तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. अण्णा श्रीलंकेहून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी ती चहाचा कप घेऊन गेली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तिचा गळा धरला. डोळे सताड उघडे, पण ओळख नाही. कप फुटला त्या आवाजानं हात सुटला, आणि ते पुन्हा आडवे झाले. जागे झाल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं. "मी पण सांगितलं नाही. लढाईवरून आलेला माणूस, त्याला आणखी कशाला दुखवायचं?"

मैत्रिणींनो, माझी चार पानं मी तिथेच घडी करून पर्समध्ये टाकली.

परतीच्या गाडीत एकच विचार डोक्यात होता. या सोळा जणींनी आपापल्या घरात, कुणी न शिकवता, एकेक व्यवस्था बसवली होती. त्या व्यवस्थेनं घरं टिकली, मुलं शिकली. तिला नावं ठेवायची माझी काय प्राज्ञा! पण त्याच व्यवस्थेमुळे त्या पुरुषांना कुणी कधी विचारलंही नव्हतं. आवाज होऊ द्यायचा नाही, विषय निघू द्यायचा नाही, फटाक्यांच्या दिवसांत दार लावून घ्यायचं. टाळण्यानं त्या घटकेला बरं वाटतं, पण भीती जिथल्या तिथे राहते, असं हेच शास्त्र सांगतं. आई आणि मी मिळून तीस वर्षं अण्णांची भीती अगदी सांभाळून ठेवली होती, लोणच्याच्या बरणीसारखी. वारा लागू दिला नाही.

आता तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? सर्वांत आधी मला काय करता येत नाही, ते फळ्यावर लिहिलं. बी.ए. झालेल्या बाईला उपचार करता येत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण आणि वर खास प्रशिक्षण झालेलं असतं, आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्यांची नोंद लागते. ते बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांनी माणसाला त्या आठवणीकडे बेताबेतानं, हात धरून घेऊन जातात. घरच्यांनी एकदम फटाके वाजवून 'भीती मोडायला' जाऊ नये. आमच्या बैठकीचं काम एवढंच, की त्यांच्या दारापर्यंत माणूस पोचावा.

मग काही नियम ठरले. वर्गातलं बोलणं वर्गात राहील. कुणी कुणाच्या नवऱ्याला 'वेडा' म्हणायचं नाही. दर वेळी तोच दिवस, तीच वेळ, तीच खोली, पाऊस असो की सण. कारण एकदा बोलायला धजावलेली बाई दुसऱ्यांदा आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर ती तिसऱ्यांदा येत नाही. पुरुषांसाठी सुभेदारकाकांनी बाहेरच्या ओट्यावर चहा सुरू केला. तिथे माझं काही काम नव्हतं. वर्दी घातलेल्याशीच वर्दीवाला बोलतो.

नंतर वाचनात आलं, की जगात मोठमोठ्या रुग्णालयांनी हेच केलं आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धावरून इतके सैनिक मनानं जखमी होऊन आले, की माजी सैनिकांच्या सरकारी खात्यानं १९४६ पासून विद्यापीठांच्या मदतीनं मानसशास्त्रज्ञ तयार करायला घेतले. व्हिएतनामहून आलेली पोरं रुग्णालयाची पायरी चढेनात, तेव्हा १९७९ मध्ये वस्तीतच साधी केंद्रं उघडली, आणि तिथले पुष्कळ समुपदेशक स्वतः माजी सैनिक होते. असा विभाग चालवणाऱ्या बाईंना किंवा गृहस्थांना शेकडो माणसं सांभाळावी लागत असतील. आमच्या सोळा बाकांवरून मला त्यांच्या कामाची थोडी कल्पना आली. उपचार पुढची गोष्ट. आधी दार उघडं ठेवायचं, तेच तोंड पुन्हा दिसेल असं बघायचं, आणि घरच्या बाईलाही आत बोलवायचं.

आपल्याकडेही वाटा आहेत, आपल्यालाच ठाऊक नसतात. निवृत्त सैनिकांसाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना आहे. कितीतरी घरांत ते कार्ड फक्त रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्यांसाठी कपाटातून बाहेर निघतं. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना झोपेचं आणि दचकण्याचं सांगितलं, तर तिथून पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी मिळू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं वागवायचं बंधन घातलं आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात याच सेवेचा खास सैन्यातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी कक्ष उघडला. ही बातमी मी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा काठीवाल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे सरकारला पण ठाऊक आहे तर!" त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मला भाषणाच्या चार पानांनी मिळालं नसतं.

अण्णांचं काय? त्यांना विचारायला मला सहा महिने लागले. दुसऱ्यांच्या बायकांना धीर देणारी मी, स्वतःच्या वडिलांपुढे बसले की दूधवाल्याचा हिशेब काढायची. शेवटी एका दुपारी ओटीवर दोघंच होतो तेव्हा म्हटलं, "अण्णा, पालखीच्या दिवशी काय दिसलं तुम्हाला?" 'काय झालं' असं नाही विचारलं. ते बराच वेळ समोरच्या कुंपणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा जोडीदार दोन पावलं पुढं होता. रस्त्यात सुरुंग होता. त्या दिवशी पुढं मी असायला हवा होतो, आमची पाळी बदलली होती." बस्स, एवढंच. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी "झालं गेलं विसरा" म्हटलं नाही. जीभ चावून गप्प बसले. थोड्या वेळानं म्हटलं, "यावर औषध आहे अण्णा. आणि बोलायला शिकलेली माणसं आहेत. मी येते बरोबर." ते म्हणाले, "मला वेडबिड लागलेलं नाही." पुढे तीन महिने तेच. अखेर सुभेदारकाकांनी ओट्यावर आपली स्वतःची गोळ्यांची पट्टी खिशातून काढून दाखवली, तेव्हा अण्णा तयार झाले. माझ्या बी.ए.पेक्षा ती पट्टी कामी आली!

जादू काही झाली नाही हं. पहिली गोळी मानवली नाही, ती बदलावी लागली. मध्ये दोन महिने त्यांनी जाणंच सोडलं. पण आता रात्री कड्या तपासायला एकदाच उठतात. यंदा पालखीला मंदिरापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी, कानांत कापूस घालून उभे राहिले. नातू बोट धरून होता, त्यानंच आधी सांगितलं, "आजोबा, आता माळ लागणार हं."

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. उपचारांत एके दिवशी बाईंनी आईलाही आत बोलावलं. तेव्हा अण्णांनी आईला विचारलं, "तू इतकी वर्षं दारातूनच हाक का मारतेस? मला वाटायचं, मी तुला नकोसा झालोय." आईनं त्या सकाळचं सगळं सांगितलं, फुटलेल्या कपासकट. अण्णा ऐकत राहिले. तिनं भीतीपोटी अंतर ठेवलं, त्यांना वाटलं तिटकाऱ्यापोटी. आणि दोघांनीही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून तोंड उघडलं नाही. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. दोघं बाहेर आली तेव्हा आईची पिशवी अण्णांच्या हातात होती.

तुमच्या घरात फौजी असेल, किंवा पोलीस, अग्निशमन दलाचा माणूस, रेल्वे अपघात पाहिलेला मोटरमन असेल, तर माझं एवढं ऐका. महिनाभराहून जास्त झोप उडालेली असेल, दचकणं, टाळणं, चिडणं चालू असेल, कॅन्टीनची बाटली लवकर संपू लागली असेल, तर 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नका. "काय झालंय तुम्हाला?" या प्रश्नानं माणूस मिटतो, "तेव्हा काय पाहिलंत?" म्हणून एकदाच विचारा आणि मग थांबा. उत्तर नाही आलं तरी चालेल, तुम्ही विचारलंत हे त्यांच्या लक्षात राहतं. स्वतःची सुरक्षितताही बघा. हात उगारला जात असेल तर ते सोसणं ही सेवा नव्हे. आणि "मी नसलो तर बरं होईल" असं काही त्यांच्या तोंडून आलं, तर त्यांना एकटं सोडू नका, घरात परवान्याची बंदूक असेल तर ती जाणत्या माणसाकरवी घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोय करा, आणि त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा किंवा जवळच्या रुग्णालयात घेऊन जा.

आई अजूनही दाराशी उभी राहून बांगड्या वाजवते. सवयच ती. फरक एवढाच, की आता अण्णा डोळे न उघडताच म्हणतात, "ये."